कुलपामागचा संसार

मे महिना हा कोकणात आंब्या-फणसांचा महिना, तसाच तो बिऱ्हाडे हलविण्याचाही महिना आहे. शाळांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पावसाला अजून तीन-चार आठवड्यांचा अवकाश असतो, आणि घर पाडावयाचे, बांधावयाचे किंवा सोडावयाचे झाल्यास याहून सोयीचा काळ वर्षात दुसरा नसतो. रोह्याच्या गल्ल्यांतून संसार भरलेले टेम्पो जाऊ लागले, की एक प्रश्न घरोघर उभा राहतो. नव्या जागेत जे मावणार नाही त्याचे काय करावयाचे? आजवर त्याचे उत्तर सोपे होते. मुंबईच्या खोलीत न मावणारे गावच्या घरी येत असे, आणि गावच्या घरी न मावणारे माळ्यावर चढत असे. आता गावचे घरच पाडले जात आहे, आणि त्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीतील सदनिकेला माळा नाही. अशा वेळी मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतून एक नवी सोय पुढे आली आहे. महिन्याच्या भाड्याने एक खोली घ्यावी, तीत सामान भरावे, आपले कुलूप लावावे आणि निर्धास्त व्हावे! व्यापारात तिला ‘सेल्फ स्टोरेज’ म्हणतात. आपण तिला साठवणखोली म्हणू. ही सोय स्वीकारावी की नाही, आणि स्वीकारल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार वाचकांनी आताच करून ठेवावा असे आम्हांस वाटते. कारण दारात टेम्पो उभा राहिल्यावर जो विचार होतो तो हमालांच्या घाईने होतो.

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक वस्तूंसाठी आणि लेखी करारावर घेतलेली साठवणखोली ही अडलेल्या माणसाची मोठी सोय आहे. परंतु काय ठेवावे आणि काय सोडावे हा निर्णय टाळण्यासाठी घेतलेली खोली म्हणजे दरमहा भाडे भरून विकत घेतलेला विसर होय.

साठवण ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. कोकणातील जुन्या घराची अर्धी रचना साठवणीसाठीच असे. भाताची कणगी, पडवीतील सरपण, माळ्यावरचा पेंढा, कोठीच्या खोलीतील लोणच्याच्या बरण्या, आमसुले आणि सुकी मासळी, अशी आगोटीची बेगमी केल्याशिवाय चार महिन्यांचा पाऊस काढणे शक्यच नव्हते. परंतु या साठवणीचा एक नियम होता. जे भरले ते रिकामे होत असे. आगोटीला भरलेली कोठी दिवाळीपर्यंत तळ दाखवी, आणि नवे भात आले की कणगी पुन्हा भरे. आजही हा नियम पाहावयाचा असेल तर पेणच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांत जावे. तेथे वर्षभर तयार होणाऱ्या गणेशमूर्ती छतापर्यंत मांडणीवर रचलेल्या असतात. पाय ठेवावयास जागा नसते, तरी त्या कारखान्याला अडगळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. कारण तेथील मूर्तीला बाहेर पडण्याची तिथी ती साच्यातून निघाली त्याच दिवशी ठरलेली असते. तिथी ठरलेली वस्तू साठवणीत असते. तिथी नसलेली वस्तू केवळ पडून असते. या एका कसोटीवर घरातील प्रत्येक वस्तू घासून पाहिली, तर अर्धा प्रश्न तेथेच सुटेल.

अर्थात जुन्या घरातही पडून राहिलेले पुष्कळ होते. मोडका पाळणा, तळ गेलेला बंब, एका बिजागरीवर लोंबणारी कपाटाची दारे! ‘असून अडचण आणि नसून खोळंबा’ ही म्हण आपल्या माळ्यांनीच मराठीला दिली असावी. परंतु माळा भाडे मागत नव्हता. म्हणून निर्णय लांबणीवर टाकण्याची सवय आपल्याला जडली, आणि तिची किंमत कधी कोणी मोजली नाही.

मुंबईने तर या सवयीवर आपला संसार उभा केला. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणीत, गोदीत राबणारी कोकणातील माणसे तेथे आठ-आठ, दहा-दहांच्या मेळाने राहिली. एवढ्या जागेत पोटमाळा काढून संसार मांडता येत असे, पण तो वाढविता येत नसे. वाढलेले सर्व गावी येई. प्रथम सामान येई, मग पोरे येत, आणि निवृत्तीनंतर स्वतः माणूस येई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो फसला, तेव्हा कित्येक कुटुंबे वळकट्या आणि ट्रंका घेऊन कोकणात परतली. त्या दिवसांत गावच्या घराने त्यांना भाडे विचारले नाही की मुदत विचारली नाही. आमच्या या घरांनी मुंबईची केवढी मोठी साठवण फुकट सांभाळली, याचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात सापडावयाचा नाही.

आज ती घरे थकली आहेत. उताऱ्यावर एकाच्या जागी दहा-बारा नावे लागली. कोणी ठाण्यास, कोणी पुण्यास, कोणी परदेशी. वर्षातून आठ दिवस उघडणाऱ्या घराचे नळे कोण चाळणार? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. त्या एका दुपारी असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले, आणि माळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कोरडे राहिलेले सामान तासाभरात भिजून गेले. पुष्कळांनी त्यानंतर घर पुन्हा शाकारण्याऐवजी जागा विकसकाच्या हवाली केली. त्यांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. पाऊस अंगावर घेणाऱ्याला दुरून वारशाच्या गोष्टी सांगणे सोपे असते.

या पार्श्वभूमीवर साठवणखोलीचा धंदा समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९६० च्या दशकात त्याने आजचे रूप घेतले, आणि आता त्या देशात अशी पन्नास हजारांहून अधिक ठिकाणे आहेत. गंमत अशी, की या काळात तेथील घरे लहान झाली नाहीत. ती मोठीच होत गेली. याचा अर्थ जागेच्या टंचाईने हा धंदा जन्मतो, परंतु वाढतो तो निर्णयाच्या टंचाईने. आपल्याकडे मात्र जागेची टंचाई अगदी खरी आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुनी खोली सोडल्यापासून नवी किल्ली हाती पडेपर्यंतची वर्षे अशा कुटुंबांना संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या जागेत काढावी लागतात. तेवढा काळ कपाट, पलंग, शिवणयंत्र ठेवावयाचे कोठे? धाटावच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या आणि वर्षभरात दुसरीकडे बदली झालेल्या गृहस्थाने काय करावे? घरातील वडीलधारे माणूस गेले, आणि वारसांना बसून वाटणी करावयास सहा महिने लागणार, त्यांनी काय करावे? अशांना साठवणखोली हा खरा आधार आहे. त्यांच्या बाबतीत बाहेर पडण्याची तिथी ठरलेली आहे किंवा ठरविता येण्यासारखी आहे.

येथे काही सुधारक मंडळी म्हणतील, की इतके सामान हवेच कशाला? द्या टाकून, मोकळे व्हा! हा उपदेश आम्हांस मान्य नाही. जे पुन्हा विकत घेऊ शकतात त्यांनाच टाकून देणे परवडते. आपल्या घरांतील तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. कोणाच्या लग्नात, कोणाच्या मुंजीत, कोणी आणि कोणत्या साली दिले, ते त्या भांड्याच्या काठावर कोरलेले असते. कष्टकरी घरातील बाईची ती बँक होती, आणि तिच्या माहेरचा तोच एक लेखी पुरावा होता. तो हंडा मोडीच्या भावाने देताना तिला कोणी विचारले काय? घर हलविण्याचे निर्णय बहुधा मुलगे घेतात, हिशेब जावई करतात, आणि जिने चाळीस वर्षे ती भांडी घासली ती कोपऱ्यात बसून पाहत असते. आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की यादी करावयास बसाल तेव्हा पहिला शब्द तिचा असू द्या. ती पुष्कळदा तुमच्या अपेक्षेपेक्षा अधिक सोडून देईल. आणि जे ठेवील ते का ठेवले हे तुम्हांला तिच्याकडूनच कळेल.

आता खोली निवडण्याविषयी. शहरातील जाहिराती स्वच्छ भिंती आणि पहारेकरी दाखवितात; कोकणच्या माणसाने प्रथम पाणी पाहावे. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने नागोठणे आणि जांभूळपाडा येथे केलेला विध्वंस पाहिलेली माणसे आजही आपल्यांत आहेत. २२ जुलै २०२१ रोजी महाड आणि चिपळूण येथे तळमजल्यावरील दुकाने आणि संसार पाण्याखाली गेले. कुंडलिकेने पातळी ओलांडल्याची वार्ता रोहेकरांनाही नवी नाही. म्हणून तळमजल्यावरील खोली स्वस्त असली तरी घेऊ नये. वरच्या मजल्यावरची घ्यावी, आणि तिच्या डोक्यावर पत्रा आहे की स्लॅब, हेही पाहावे. खोली शक्य तर पावसात जाऊन पाहावी. उन्हाळ्यात सर्वच भिंती कोरड्या असतात.

पुराहून सावकाश, पण तितकाच निश्चित असा दुसरा शत्रू म्हणजे ओल. गाद्या, रजया, पुस्तके आणि लाकूड यांना बंद खोलीत श्रावणाआधीच बुरशी धरते. पाठोपाठ वाळवी, कसर आणि उंदीर येतात. सामान जमिनीला आणि भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली लाकडी फळ्या घालून वारा खेळता ठेवावा. दमट गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळणे म्हणजे ओल आत कोंडणे होय; आधी दोन-चार उन्हे दाखवावीत आणि मगच बांधावे. फ्रीज धुऊन, पुसून, दार किंचित उघडे ठेवून ठेवावा. भांडी चिंचेने घासून पूर्ण वाळवून कापडात बांधावीत. गॅसचे सिलिंडर, रॉकेल, रंग, इन्व्हर्टरची बॅटरी आणि धान्य या वस्तू साठवणखोलीत कदापि नेऊ नयेत. पहिल्या चार आगीला आणि शेवटची उंदरांना आमंत्रण देते. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रे यांना तेथे जागाच नाही, हे सांगावयास नकोच.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा, खोलीचे भाडे महिना दोन हजार रुपये आहे. रक्कम लहान वाटते. तीन वर्षांत तिचे ७२,००० रुपये होतात. त्यात दोन वेळची गाडी, हमाली आणि दर खेपेचा प्रवास मिळवावा. इतक्या पैशांत जे सामान नवे घेता येईल ते जुने सांभाळण्यासाठी ही खोली घेणे शहाणपणाचे नव्हे. उलट, जे कितीही पैशांनी पुन्हा मिळणार नाही ते बहुधा एका पेटीत मावते, आणि एक पेटी कोणत्याही भावाच्या, बहिणीच्या घरी राहू शकते. मोठ्या, सहज बदलता येणाऱ्या वस्तू भाड्याने सांभाळावयाच्या आणि लहान, अमोल वस्तू घाईत हरवावयाच्या, असा उलटा व्यवहार आम्ही अनेक घरांत होताना पाहिला आहे.

चौथी गोष्ट कराराची, आणि येथे शासनाचाही संबंध येतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे जो दुसऱ्याचा माल सांभाळण्यासाठी ताब्यात घेतो, त्याने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल तितकी घेतलीच पाहिजे. परंतु करारात ‘आम्ही फक्त जागा वापरावयास दिली, माल ताब्यात घेतलाच नाही’ असे लिहिलेले असेल, तर ही जबाबदारी कोणावर, हाच वादाचा विषय होतो. म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. माल भिजला, जळला किंवा चोरीस गेला तर भरपाई किती? विमा कोणी उतरावयाचा? भाडे थकल्यास किती दिवसांच्या नोटिशीनंतर कुलूप तोडणार? आणि खोली घेणारा मनुष्य मरण पावल्यास ती कोणाला उघडून देणार? शेवटचा प्रश्न अशुभ म्हणून कोणी विचारत नाही, आणि मग वारस कुलपाबाहेर उभे राहतात. सामानाची यादी दोन प्रतींत करावी, छायाचित्रे घ्यावीत, आणि यादीची एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे ठेवावी.

बँकांच्या लॉकरच्या बाबतीतही एकेकाळी असाच अंधार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लॉकरची जबाबदारी बँकांना झटकता येणार नाही असे बजावले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम काढले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा नोकराची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत राहील, असे १ जानेवारी २०२२ पासून ठरले. हा नियम बँकांपुरता आहे. साठवणखोल्यांना तो लागू नाही. श्रीमंताचा दागिना नियमाच्या आश्रयाला आला आणि सामान्य माणसाचा अख्खा संसार मात्र छापील कराराच्या बारीक अक्षरांवर सोडलेला, ही स्थिती बरी नव्हे. राज्य शासनाने या धंद्यासाठी किमान जबाबदारी, नोटिशीची मुदत आणि वारसनोंद यांचे नियम करावेत, अशी आमची मागणी आहे. पुनर्विकासाच्या करारांत पर्यायी जागेचे भाडे आणि सामान हलविण्याचा खर्च धरण्याची रीत आता रूढ झाली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाने ४ जुलै २०१९ रोजी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. त्याच धर्तीवर साठवणीचा खर्चही करारातच धरला जावा. घर पाडणाऱ्याने माणसाची सोय करावी आणि त्याच्या कपाटाची करू नये, हे अर्धे काम झाले.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. जुन्या घराच्या माळ्यावर भांड्यांखेरीज कागदही असतात. मोडी लिपीतील दस्त, जमाखर्चाच्या वह्या, खतावण्या, पोथ्या, पत्रे. वि. का. राजवाडे यांनी असेच पेटारे आणि दप्तरे गावोगाव फिरून धुंडाळली. १८९८ साली निघालेल्या त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाने पानिपतापर्यंतच्या काळातील अस्सल पत्रे लोकांपुढे ठेवली, ती कोणाच्या तरी घरी बांधून ठेवलेली होती म्हणून. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते अशा कागदांना घर मिळावे म्हणून. त्याच पुण्यात ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी लोकांच्या घरांतून निघालेले दिवे, अडकित्ते आणि कुलपे जमवून, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. आमच्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड झाले. त्या जुन्या नावाने शिक्के मारलेले कागद रोह्यात अजून किती माळ्यांवर असतील! घर पाडण्याच्या आदल्या दिवशी रद्दीवाला येतो आणि शंभर-दीडशे वर्षांचा गाव किलोच्या भावाने उचलून नेतो.

हे थांबविण्यास फार मोठा खर्च लागत नाही. रोहा-अष्टमी नगरपरिषदेने आपल्या ताब्यातील एखाद्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कोरडी खोली या कामासाठी राखावी. घर पाडण्याची परवानगी मागणाऱ्याला एक साधी विनंतीची चिठ्ठी जोडून द्यावी, की जुने कागद आणि वस्तू टाकण्यापूर्वी आठ दिवस कळवावे. मोडी वाचणारे एक-दोन जाणकार, शहरातील शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी ते पाहावेत. घरच्यांना हवे ते घरच्यांना द्यावे, आणि उरलेल्याची नोंद करून जतन करावी. हे साठवणगृह साऱ्या गावाचे होईल, आणि त्याला मुदतीची अट असण्याचे कारण नाही.

बाकीचे काम कुटुंबांनी स्वतः करावयाचे आहे. मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी आंबे खावयास गावी येतात, तेव्हा सर्व वारस वर्षातून एकदाच एका छताखाली असतात. त्यांतील एक दुपार यादीसाठी राखून ठेवावी. वापरावयाचे, वाटावयाचे, द्यावयाचे आणि काही काळ ठेवावयाचे असे चार ढीग करावेत. चौथ्या ढिगासमोर ज्याने त्याने तारीख लिहावी आणि भाडे कोण भरणार त्याचे नावही लिहावे. ज्या वस्तूपुढे कोणीच नाव लिहावयास तयार होत नाही, तिचा निकाल तिथल्या तिथे लागलेला असतो. ती गरजूच्या घरी गेली तर तिचे सोने होईल. वस्तूंवर माया असणे हा दोष नव्हे. परंतु माया करणाऱ्याने कधीमधी कुलूप उघडून पाहावे लागते. जे कुलूप कोणी उघडावयाचे नाही, त्याच्यासाठी भाडे भरू नये.